पाश्चर यांच्या घरातल्या अळ्या

आपल्या बीड जिल्ह्यात अळी म्हटलं की कपाशीची बोंडअळी आठवते आणि हात आपोआप फवारणीच्या पंपाकडे जातो. पण मैत्रिणींनो, एक अळी अशीही आहे की जिला लेकरासारखं जपावं लागतं. ती म्हणजे रेशमाची अळी. गेवराई तालुक्यातल्या माझ्या मावसबहिणीनं कपाशी कमी करून एक एकर तुती लावली आहे. मागच्या वर्षी तिची एक बॅच पार वाया गेली. काही अळ्या मोठ्या झाल्या, काही तेवढ्याच राहिल्या, आणि कोष झालेच नाहीत. लेकीची कॉलेजची फी त्याच पैशातून भरायची होती. आता रोगमुक्त असल्याची खात्री केल्याशिवाय अंडीपुंज घ्यायचे नाहीत, असं तिनं ठरवलंय. ही खात्री करायची रीत कुणी शोधून काढली, हे मी सांगितलं तेव्हा ती चकितच झाली. तो माणूस म्हणजे लुई पाश्चर!

पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरची लस आणि दूध तापवून टिकवण्याची पद्धत यांमुळे पाश्चर आपल्याला शाळेपासून ठाऊक आहेत. 27 डिसेंबर 1822 रोजी फ्रान्समधल्या दोल गावी त्यांचा जन्म झाला. वडील कातडी कमावायचे. मुलगा शिकला, रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला. 1849 मध्ये मारी लॉरां हिच्याशी त्यांचं लग्न झालं.

त्या काळी दक्षिण फ्रान्समधली कितीतरी घरं रेशमावर चालत. पण अळ्यांवर रोग पडला. 1853 मध्ये 26 हजार टनांवर असलेलं कोषांचं उत्पादन 1865 मध्ये 4 हजार टनांवर आलं. तेव्हा पाश्चर यांना त्यांच्या गुरूंनी, द्युमा यांनी, अले या गावी जाण्याची गळ घातली. गंमत म्हणजे पाश्चर यांनी तोवर रेशमाची अळी हातातसुद्धा घेतली नव्हती. वाटेत ते फाब्र या कीटकांच्या जाणकाराला भेटले, कोष कानाशी हलवून पाहिला आणि आत काय आहे म्हणून विचारलं. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला ठाऊक नाही म्हणून फाब्र चाट पडले. पण ठाऊक नाही हे सांगायला पाश्चर लाजले नाहीत.

कामाला सुरुवात केली आणि घरावर संकटं कोसळली. अलेला पोचल्यावर थोड्याच दिवसांत वडील गेले. त्याच वर्षी दोन वर्षांची कामिय गेली. पुढच्या मे महिन्यात बारा वर्षांची सेसिल विषमज्वरानं गेली. थोरली जान 1859 मध्येच गेली होती. तीन लेकी गमावलेल्या त्या आईनं काय केलं असेल? मारीबाई आपली उरलेली मुलगी, छोटी मारी-लुईज, हिला घेऊन अलेजवळच्या घरात राहिल्या. दोघी मायलेकी तुतीचा पाला तोडायच्या, अळ्यांना घालायच्या, निगा राखायच्या.

रोगट अळ्यांच्या अंगावर मिऱ्याची पूड टाकल्यासारखे काळे ठिपके दिसत, म्हणून त्या रोगाला पेब्रिन म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या शरीरात बारीक चमकदार कण दिसायचे. ते कण म्हणजेच रोगाचं मूळ, हे पाश्चर यांनाही आधी पटलं नव्हतं. दोन वर्षं त्यात गेली. शेवटी उलगडा झाला की हा रोग आईकडून अंड्यात उतरतो. एकदा रोग लागला की अळीवर इलाज नाही, मग निवड आधीच करायची. त्यांनी रीत बसवली. प्रत्येक मादी पतंगाला वेगळ्या कापडाच्या तुकड्यावर अंडी घालू द्यायची, नंतर ती मादी पाण्यात खलून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची. कण दिसले की ती अंडी जाळून टाकायची, नाही दिसले तर ठेवायची.

ऑक्टोबर 1868 मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी पाश्चर यांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू लुळी पडली. तरी तीन महिन्यांतच ते पुन्हा दक्षिणेत अळ्यांकडे निघाले. ते सांगत आणि मारीबाई लिहून घेत. 1870 मध्ये या रोगांवरचं त्यांचं पुस्तक निघालं. कुत्र्याच्या चाव्यावरची लस त्यानंतर पंधरा वर्षांनी, 1885 मध्ये आली. 28 सप्टेंबर 1895 रोजी पाश्चर गेले. मारीबाई 1910 पर्यंत होत्या.

आजही अंडीपुंज तयार करताना मादी पतंग असेच तपासले जातात. म्हणून अंडीपुंज घेताना ते कुठून आले आणि तपासलेत का, हे विचारायला लाजू नका. स्वस्त मिळतात म्हणून ओळखीतून घेतलेली अंडी फार महागात पडतात. शेड चुना-ब्लीचिंगनं धुऊन घ्या. शेजारच्या कपाशीवर फवारणी असेल तर आधी कळवायला सांगा, कारण औषध उडालेला पाला खाल्ला की अळ्या मरतात.

माझ्या मावसबहिणीनं आता एक वही घातली आहे. अंडी कधी आणली, अळ्यांनी कात कधी टाकली, किती कोष निघाले, सगळं त्यात असतं. सातबाऱ्यावर तिचं नाव नाही, पण वहीवर आहे. परवा मारीबाईंची गोष्ट ऐकून तिनं विचारलं, त्या पुस्तकावर बाईचं नाव आहे का गं? नाही, म्हटलं. पहिल्या पानावर पाश्चर यांचं एकट्याचंच आहे. ती काही बोलली नाही, पाल्याची टोपली उचलून शेडमध्ये गेली.