वाटाण्याच्या रोपाचा चित्रपट : दादासाहेब फाळके



राजमहाल रोडवरून जाता-येता कलाभवन आपण सर्वांनीच पाहिले आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली ही संस्था काढली. प्रा. त्रिभुवनदास गज्जर तिचे प्राचार्य होते. आज तेथे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी शाखा आहे. याच कलाभवनात एक तरुण चित्रकला आणि फोटोग्राफी शिकून गेला. त्याचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून त्यांना सारा देश ओळखतो. ‘राजा हरिश्चंद्र’ हा त्यांचा चित्रपट तुम्हाला माहीत असेल. पण त्याआधी त्यांनी एका वाटाण्याच्या रोपाचा चित्रपट काढला होता. त्या रोपाने साथ दिली नसती, तर ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभे राहणे फार कठीण होते.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित होते. ते मुंबईस कॉलेजात शिकवू लागले, तेव्हा धुंडिराजही मुंबईस आले आणि १८८५ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पुढे थोरले बंधू शिवरामपंत यांच्याबरोबर ते बडोद्यास आले. कलाभवनात त्यांनी चित्रकला, फोटोग्राफी, छपाईचे ठसे बनवणे अशा अनेक कला शिकून घेतल्या. जादूचे प्रयोगही ते करीत. ‘फाळके’ हे आडनाव उलटे वाचून त्यांनी ‘प्रोफेसर केळफा’ असे गमतीदार नाव घेतले होते!

पण पोटापाण्याचा मार्ग सोपा नव्हता. गोध्र्यास त्यांनी फोटोचा धंदा सुरू केला. तेथे प्लेगच्या साथीत त्यांची पहिली पत्नी आणि मूल दगावले. ते बडोद्यास परतले, तर फोटो काढल्याने माणसाची शक्ती कमी होते अशा समजुतीमुळे गिऱ्हाईक येईना. १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. सरस्वतीबाई त्यांच्या घरात आल्या आणि कामातही बरोबरीने उभ्या राहिल्या. नंतर पुराणवस्तू खात्यात नोकरी, मग लोणावळ्यास छापखाना, १९०९ साली रंगीत छपाई शिकण्यासाठी जर्मनीचा प्रवास असे बरेच काही झाले. शेवटी भागीदारांशी मतभेद झाले आणि दादासाहेब रिकाम्या हाताने छापखान्यातून बाहेर पडले. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती.

१९११ सालच्या ईस्टरच्या सुमारास मुंबईत गिरगावात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर येशू पाहताना त्यांच्या मनासमोर राम आणि कृष्ण उभे राहिले. आपल्या देवदेवतांच्या कथा अशाच पडद्यावर आणायच्या, असे त्यांनी ठरवले. मग दिवसरात्र तोच ध्यास! मिळेल तो चित्रपट पाहायचा, मिळेल ते पुस्तक वाचायचे. झोप अपुरी पडू लागली आणि डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ त्यांची दृष्टीच गेली. डॉक्टरांच्या उपचाराने ती परत आली. आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी १०,००० रुपये उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. तेथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्यांनी चित्रीकरण पाहिले. विल्यमसन कॅमेरा, फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र आणि कच्ची फिल्म यांची व्यवस्था करून एप्रिलच्या आरंभी ते मुंबईस परतले.

आता कॅमेरा होता, विद्या होती. नव्हता तो पैसा. पाहिले नाही त्यावर पैसे कोण लावणार? दादासाहेबांनी एका कुंडीत वाटाणे पेरले आणि समोर कॅमेरा ठेवला. महिन्याहून अधिक काळ ते त्या रोपाची चित्रे घेत राहिले. त्यातून मिनिटभराहून किंचित मोठी फिल्म तयार झाली. तिचे नाव ‘अंकुराची वाढ’. बी फुटते, अंकुर वर येतो, पाने उलगडतात आणि पाहता पाहता वेल होतो, हे सारे लोकांनी बसल्या जागी पाहिले.

मुलांनो, ही करामत कशी होते ते समजून घेऊ. चित्रपट म्हणजे भराभर दाखवलेली स्थिर चित्रे. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ चित्रे धरत. म्हणजे एका मिनिटाला ९६० चित्रे लागतात. ती ३० दिवसांत घ्यायची तर दररोज ३२ चित्रे झाली. फक्त दिवसाच्या १२ तासांत घ्यायची ठरवली, तर दर साडेबावीस मिनिटांनी एक! यालाच आज आपण टाइम-लॅप्स म्हणतो. आज मोबाइलमध्ये ही सोय असते. चित्रे घेऊन झाल्यावर संगणकावर बसून चुका सुधारता येतात. एक चित्र उजळ आणि दुसरे काळपट आले तर सॉफ्टवेअर सगळ्यांचा उजेड सारखा करते, हललेली चित्रे जुळवून घेते, नको ते चित्र गाळते, वेग कमी-जास्त करते.

१९१२ साली यातले काहीच नव्हते. संकलन करायचे ते कॅमेऱ्यापाशीच, चित्र घेण्याच्या आधी. चित्रांमधले अंतर चुकले तर रोप पडद्यावर धक्के खात वाढणार. कॅमेऱ्याला धक्का लागला तर कुंडी उडी मारणार. उजेड बदलला तर चित्र लुकलुकणार. आणि हे सारे कळणार महिन्यानंतर, फिल्म धुतल्यावर! चूक झाली तर पुन्हा नवे बी पेरून पहिल्यापासून आरंभ. कर्ज काढून आणलेली फिल्म आणि नुकतेच बरे झालेले डोळे यांच्या भरवशावर दादासाहेबांनी हे काम पार पाडले.

ही छोटी फिल्म त्यांनी निवडक लोकांना दाखवली. ती पाहून यशवंतराव नाडकर्णी, नारायणराव देव्हारे यांच्यासारखे लोक कर्ज देण्यास तयार झाले. सरस्वतीबाईंनी आपले दागिनेही दिले. शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांनी सांभाळला, अंधारात बसून फिल्मला भोके पाडली आणि फिल्म धुण्याचे कामही शिकून घेतले. सुमारे सात महिन्यांत ३७०० फूट लांबीचा ‘राजा हरिश्चंद्र’ तयार झाला. त्यात तारामतीचे काम साळुंके या पुरुष नटाने केले आणि मुलाची भूमिका दादासाहेबांच्या भालचंद्राने केली. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन थिएटरमध्ये तो लोकांसाठी प्रदर्शित झाला.

पुढे नाशिकला त्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’, ‘लंकादहन’ असे चित्रपट काढले. ‘कालियामर्दन’मध्ये त्यांची लेक मंदाकिनी कृष्ण झाली. वाटाण्याच्या वेळी वापरलेली, एकेक चित्र घेण्याची युक्तीही त्यांनी सोडली नाही. ‘आगकाड्यांची मौज’ या छोट्या चित्रपटात त्यांनी काड्यापेटीतल्या काड्या नाचवल्या!

उतारवय मात्र सुखाचे गेले नाही. बोलपट आले आणि मूकपटांचा काळ संपला. १९३७ सालचा ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. ज्यांच्या कष्टावर एवढा मोठा धंदा उभा राहिला, त्यांची त्या धंद्याला शेवटच्या दिवसांत फारशी आठवण राहिली नव्हती. १९६९ साली भारत सरकारने त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला. चित्रपटक्षेत्रातील तो आपल्या देशाचा सर्वोच्च सन्मान मानला जातो.

मुलांनो, सुट्टीत एक प्रयोग करून पाहा. एका वाटीत ओल्या कापसावर चार मूग पेरा. घरच्यांच्या परवानगीने मोबाइल घेऊन, रोज ठरलेल्या वेळी, एकाच जागेवरून, सारख्याच उजेडात त्यांचे फोटो काढा. किती वेळ चुकली, किती वेळा वाटी हलली, हे वहीत लिहून ठेवा. आठच दिवसांत तुम्हाला कळेल, की बोट दाबणे सोपे असते आणि नेम पाळणे अवघड. आपल्या कलाभवनाच्या या विद्यार्थ्याने तो नेम महिनाभराहून अधिक काळ पाळला होता.