योहान केप्लर आणि आठ कलांचा फरक

सूर्यमाला शिकविताना मुले आम्हांस पुष्कळदा विचारतात की, आईबापांच्या पुस्तकात ग्रह नऊ होते, ते आमच्या पुस्तकात आठच कसे? शास्त्र असे बदलत असेल, तर त्यावर भरवसा कसा ठेवावा? ह्या शंकेचे उत्तर एका थोर पुरुषाच्या चरित्राने द्यावे, असे आम्हांस वाटते.

योहान केप्लर ह्याचा जन्म २७ डिसेंबर १५७१ रोजी जर्मनीतील वाइल ह्या लहानशा गावी झाला. बालपणी देवी येऊन त्याची दृष्टी अधू झाली. १५७७ साली आईने त्यास उंचवट्यावर नेऊन शेंडेनक्षत्र दाखविले, ते तो कधीही विसरला नाही. धर्मोपदेशक होण्याच्या हेतूने तो ट्यूबिंगन येथे शिकावयास गेला. तेथे मेस्टलिन ह्या गुरूकडून त्यास कोपर्निकसचे मत कळले की, पृथ्वी सूर्याभोवती फिरते. पुढे १५९४ साली तो ग्राट्स येथील शाळेत गणिताचा शिक्षक झाला.

तेथे वर्गात शिकवीत असता त्यास एक कल्पना सुचली. त्या काळी ग्रह सहाच ठाऊक होते, आणि भूमितीतील नियमित घनाकृती पाचच. तेव्हा सहा ग्रहांमधील पाच अंतरे ह्या पाच आकृतींनीच ठरली असावीत, असे मानून त्याने १५९६ साली ग्रंथ प्रसिद्ध केला.

१६०० साली धर्ममतापायी ग्राट्स सोडावे लागल्यामुळे तो प्राग येथे टायको ब्राहे ह्या ज्योतिर्विदाकडे गेला. टायकोने दुर्बिणीवाचून वीस वर्षांहून अधिक काळ ग्रहांचे वेध घेतले होते. १६०१ साली टायको वारला व ते वेध केप्लरच्या हाती आले. ग्रह वर्तुळातच फिरतात, अशी प्राचीन काळापासून समजूत होती, व केप्लरचीही तीच होती. त्याने मंगळाचे वर्तुळ बसविण्यासाठी अपार आकडेमोड केली. सर्व जवळजवळ जुळले. केवळ आठ कलांचा फरक उरला. चंद्रबिंबाची रुंदी सुमारे तीस कला असते, ह्यावरून तो फरक किती अल्प होता हे कळेल. दुसरा कोणी असता तर त्याने तिकडे डोळेझाक केली असती. परंतु टायकोच्या वेधांत एवढी चूक असणे शक्य नाही, हे केप्लर जाणून होता. म्हणून त्याने स्वतःचे श्रम बाजूस सारून पुन्हा आरंभ केला. अखेर मंगळाची कक्षा वर्तुळ नसून लंबवर्तुळ आहे, असे त्यास आढळले. ते त्याने १६०९ साली जगापुढे मांडले.

त्याचे आयुष्य सुखाचे नव्हते. १६११ साली पत्नी व एक मुलगा वारला. म्हाताऱ्या आईवर चेटकीण असल्याचा आरोप येऊन ती कैदेत पडली. त्याने स्वतः धावून जाऊन तिची बाजू मांडली, व १६२१ साली ती सुटली. १५ नोव्हेंबर १६३० रोजी रेगेन्सबुर्ग येथे तो मरण पावला. पुढे युद्धात त्याची कबरही नाहीशी झाली. परंतु बुध सूर्यबिंबावरून जाईल, असे त्याने वर्तविले होते. ७ नोव्हेंबर १६३१ रोजी पॅरिस येथे गासेंदीने ते प्रत्यक्ष पाहिले.

पाच घनाकृतींची कल्पना मात्र केप्लरास अखेरपर्यंत सोडवली नाही. १७८१ साली हर्शेलने युरेनस शोधिला, तेव्हा सहा ह्या संख्येचाच आधार गेला. उलट, लंबवर्तुळाच्या नियमावर न्यूटनने १६८७ साली गुरुत्वाकर्षणाची इमारत उभारली. बुधाच्या गतीतील अतिसूक्ष्म फरक तीतही बसेना. त्याचा उलगडा १९१५ साली आइन्स्टाइनने केला. १९३० साली सापडलेल्या प्लूटोस २००६ साली बटुग्रह ठरविले, कारण तसे इतर गोल सापडू लागल्यावर ग्रह कोणास म्हणावे हेच नव्याने ठरवावे लागले.

तेव्हा मुलांनो, शास्त्र बदलते ते लहरीने नव्हे. आकाशाची साक्ष आपल्या मताहून मोठी मानल्याने बदलते. गणिताचे उत्तर थोडक्यासाठी जुळेनासे झाले, म्हणजे शेवटचा आकडा खोडून पुस्तकातील उत्तर लिहिण्याचा मोह होतो. त्या वेळी मंगळाच्या आठ कला आठवाव्या, व गणित पहिल्या ओळीपासून पुन्हा मांडावे.