आर्स गावचे कन्फेशनल



४ ऑगस्टला ख्रिस्तसभा संत जॉन मेरी व्हियानी यांचा सण साजरा करते. धर्मग्रामात सेवा करणाऱ्या धर्मगुरूंचे ते आश्रयदाते. साधे, अभ्यासात मागे असलेले, भरपूर उपवास करणारे धर्मगुरू म्हणून आपण त्यांना ओळखतो. ते खरेच आहे. पण पापक्षमा कशी द्यायची हे तेही हळूहळू शिकले, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही.

८ मे १७८६ रोजी फ्रान्समध्ये लिऑन शहराजवळच्या दार्दिली गावी, शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. ते तीन वर्षांचे असताना राज्यक्रांती झाली. सरकारची शपथ न घेणाऱ्या धर्मगुरूंना लपतछपत मिस्सा करावी लागे. अकरा वर्षांच्या व्हियानींनी आपले पहिले कन्फेशन घरातल्या उंच घड्याळाच्या पायथ्याशी गुडघे टेकून केले. दोन वर्षांनी प्रथम कम्युनियन झाले तेही एका घरात. आतल्या मेणबत्त्यांचा उजेड बाहेर दिसू नये म्हणून खिडक्यांपुढे गवताच्या गाड्या उभ्या केल्या होत्या. क्षमेचा संस्कार घेण्यासाठी लोक तेव्हा जीव धोक्यात घालत. आपल्याला चर्चचे दार उघडे असते आणि आपण ईस्टरपर्यंत थांबतो!

पुढे लॅटिनने त्यांना फार छळले. लिऑनच्या सेमिनरीतून त्यांना घरी पाठवण्यात आले. एक्युलीचे वृद्ध धर्मगुरू बाले यांनी त्यांना जवळ ठेवून शिकवले, म्हणून १३ ऑगस्ट १८१५ रोजी ग्रनोबल येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली. तरीही सुरुवातीचे काही महिने कन्फेशन ऐकण्याची परवानगी नव्हती. (आम्ही तत्त्वज्ञानाची पदवी घेऊन वेदीपाशी पोहोचलेले लोक. हे वाचताना जरा ओशाळतो.) परवानगी आली तेव्हा त्यांच्यापुढे पहिले गुडघे टेकले ते त्यांचे गुरू बाले यांनी.

१८१८ साली त्यांना आर्स येथे पाठवले. वस्ती जेमतेम २३०. रविवारी शेतात काम, संध्याकाळी दारूचे गुत्ते आणि नाच. नव्या धर्मगुरूंनी कडक पवित्रा घेतला. नाचायला जाणाऱ्याने ते पूर्ण सोडल्याशिवाय त्याला पापमुक्ती मिळत नसे. काहींना तर फार दीर्घकाळ थांबावे लागले. त्या काळच्या फ्रान्समध्ये पुष्कळ धर्मगुरूंची रीत हीच होती. संतांविषयी बोलताना जपून बोलावे हे खरे, तरी त्यांच्या या वागण्याची स्तुती आम्हांला करवत नाही. माणसाने आधी सुधारावे, मग देवाने क्षमा करावी, असा तो हिशेब. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात बाप मुलाला आंघोळ करून यायला सांगत नाही. तो धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो. क्षमा हे कारण आहे आणि सुधारणा हे कार्य. क्रम उलटला की शुभवर्तमानच उलटते.

व्हियानी बदलले. संत आल्फोन्स लिगोरी यांच्या सौम्य नीतिशिकवणीचा त्यांच्यावर परिणाम झाला, आणि त्याहून अधिक, वाटते, समोर रडणाऱ्या माणसांचा. पुढे ते पाप्याला हलके प्रायश्चित्त देत आणि उरलेले स्वतः उपवास-जागरणाने करीत. लोकांची रीघ लागली. मध्यरात्रीनंतर एकला ते चर्चमध्ये येत. उन्हाळ्यात दिवसाचे सोळा तासांपर्यंत त्या कोंदट लाकडी पेटीत बसत. लोक आपली पाळी येण्यासाठी दिवसच्या दिवस थांबत.

त्यांच्याविषयी एक प्रसंग सांगितला जातो. एका बाईच्या नवऱ्याने पुलावरून उडी घेऊन जीव दिला होता. तो कायमचा हरवला या विचाराने ती खचली होती. व्हियानींनी ओळखदेख नसताना तिला गर्दीत गाठले आणि सांगितले की पुलाचा कठडा व पाणी यांच्यामधल्या अंतरात त्याला पश्चात्तापाला वेळ मिळाला होता. असे दुःख दाबून जगणारे घर कोणत्या धर्मग्रामात नसते? त्या घराकडे बोट दाखवण्याचा अधिकार कुणालाही नाही. क्षमा आपल्या पश्चात्तापाच्या वजनावर मोजून मिळत नाही, क्रूसावर प्रभूने दिली म्हणून मिळते. विश्वासाने हात पुढे करायला एक क्षणही पुरतो.

४ ऑगस्ट १८५९ रोजी व्हियानी वारले आणि १९२५ साली त्यांना संत घोषित केले गेले.

इतरांना धीर देणाऱ्या या माणसाला स्वतःच्या तारणाची मात्र सतत धास्ती वाटे. आपण या पदाला नालायक आहोत, कुठेतरी एकांतात जाऊन आपल्या पापांसाठी रडावे, असे त्यांना वाटत राही. ते एकाहून अधिक वेळा आर्स सोडून निघाले. १८५३ साली रात्री बाहेर पडले, तेव्हा गावाला सुगावा लागला. चर्चची घंटा वाजली, लोक कंदील घेऊन धावले, यात्रेकरूंनी वाट अडवली आणि आमचे कन्फेशन राहिले आहे म्हणून विनवू लागले. सदुसष्ट वर्षांचे ते वृद्ध धर्मगुरू मागे फिरले आणि पुन्हा कन्फेशनलमध्ये जाऊन बसले.