मूर्तिजापूरच्या वसंतरावांचं गाणं मशीनला जमेल का?

अमेरिकेत ब्लूग्रास नावाचा संगीतप्रकार आहे. बँजो, फिडल, मँडोलिन घेऊन चार-पाच जण उभे राहतात आणि आळीपाळीने आपापला तुकडा तिथल्या तिथे रचून वाजवतात. आता सुनोसारख्या अ‍ॅपला दोन ओळी लिहून दिल्या की मिनिटभरात तसं गाणं तयार मिळतं. तेही बँजोसकट. मग प्रश्न येतोच, मशीन कलाकाराची बरोबरी करणार का?

हाच प्रश्न आपल्या गाण्याला लावायचा तर मशीनसाठी सगळ्यात अवघड पेपर वऱ्हाडात जन्मलेल्या एका माणसाचा आहे. पंडित वसंतराव देशपांडे.

मूर्तिजापूर म्हणजे अकोल्याहून अमरावतीकडे जाताना लागणारं, शकुंतला रेल्वेमुळे ओळखलं जाणारं गाव. तिथे 2 मे 1920 रोजी वसंतरावांचा जन्म झाला. आईने एकटीने त्यांना नागपुरात वाढवलं. तिथे शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणं सुरू झालं. बरोबर शिकायला राम चितळकर नावाचा मुलगा होता. तोच पुढे संगीतकार सी. रामचंद्र झाला. भालजी पेंढारकरांनी वसंतरावांना हेरलं आणि ‘कालियामर्दन’ सिनेमात कृष्ण केलं.

पुढची यादी मोठी आहे. किराणा घराण्याचे सुरेशबाबू माने, भेंडीबाजारचे अमानअली खाँ, लाहोरला पतियाळा गायकीचे असदअली खाँ. आणि या सगळ्यांच्या आधी मनात घर करून बसलेले मास्टर दीनानाथ मंगेशकर.

मशीनवर पहिला आरोप होतो तो इथून तिथून उचलून मिसळल्याचा. गंमत म्हणजे वसंतरावांवरही जवळपास हाच आक्षेप होता. ठुमरी, नाट्यगीत, ख्याल, सगळं गातात, पण यांचं घराणं कोणतं? त्यावर त्यांचं म्हणणं असायचं की आपलं घराणं आपल्यापासूनच सुरू होतं. त्यामुळे मशीन मिसळतं म्हणून ते कमी, हा युक्तिवाद वसंतरावांच्या बाबतीत टिकत नाही. मिसळले तेही.

फरक शोधायचा तर मारव्यात शोधावा लागतो. लाहोरला असदअली खाँसाहेबांनी त्यांना काही महिने फक्त मारवा शिकवला, असं सांगतात. या रागात पंचम नाही आणि षड्जावर गायक सहजासहजी येत नाही. कोमल रिषभ आणि धैवताभोवती फिरत राहतो, ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो आणि मग कधीतरी सा लागतो. तो कधी लावायचा हे पुस्तकात लिहिलेलं नसतं. समोरची माणसं किती ताणली गेली आहेत, तबलजी कुठे आहे, आज आपल्या गळ्यात किती दम आहे, यावर ते ठरतं.

मशीन वेगळं काम करतं. हजारो तासांचं रेकॉर्डिंग पचवून ते यानंतर काय येण्याची शक्यता जास्त आहे, याचा अंदाज बांधतं. वसंतरावांची तान नेमकी तिथे जायची जिथे जाण्याची शक्यता सगळ्यात कमी वाटायची, आणि तरी समेवर चोख यायची. ही दीनानाथांची चटक. मशीनलाही अनपेक्षित वळणं घ्यायला सांगता येतं, पण चूक झाली तर मैफल हातची जाईल, ही भीती त्याला नसते. तान अर्ध्यावर असताना ती भीती गायकाला असते, आणि ऐकणाऱ्यालाही ती जाणवते.

एवढं गाणं असूनही पोटापाण्यासाठी वसंतराव पुण्यात मिलिटरी अकाउंट्सच्या कचेरीत हिशेब लिहीत होते. एकदोन नाही, वीसहून जास्त वर्षं. मध्येच बदली थेट नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात. साठच्या दशकात नोकरी सुटली आणि 24 डिसेंबर 1967 ला ‘कट्यार काळजात घुसली’ रंगमंचावर आलं. लेखक नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, आणि खाँसाहेब आफताब हुसेन वसंतराव.

या नाटकात मशीनच्या वादाचं उत्तर लपलंय म्हणायला हरकत नाही. ‘घेई छंद’ हे एकच पद त्यात दोन चालींत आहे. पंडितजींच्या बाजूचं सालगवराळीत, शांत. खाँसाहेबांचं धानीत, आक्रमक. शब्द तेच, पण एकात भक्ती आणि दुसऱ्यात जिंकण्याची ईर्षा. धानीतलं ते तीन-चार मिनिटांचं पद मशीन उद्या हुबेहूब काढेलही. आवाजाची नक्कल आता अवघड राहिलेली नाही. 2024 च्या ‘लाल सलाम’साठी ए. आर. रहमानने दिवंगत गायकांचे आवाज एआयने वापरलेच, कुटुंबांची परवानगी घेऊन. पण वसंतराव रेकॉर्डमध्ये जेवढे उरलेत, त्याच्या कितीतरी पट मैफिलीत खर्ची पडले. ऐन तारुण्यातलं गाणं तर कचेरीच्या वेळेबाहेर झालं, आणि जे टेपवर नाही ते मशीनला शिकवणार कुठून?

30 जुलै 1983 ला वसंतराव गेले तेव्हा नातू राहुल चार वर्षांचाही नव्हता. म्हणजे त्यालाही आजोबा मिळाले ते मुख्यतः टेपमधून, मशीनला मिळतील तसेच. पण राहुल देशपांडे तेवढ्यावर थांबले नाहीत. गुरूंसमोर बसले, वर्षानुवर्षं रियाज केला, रंगमंचावर खाँसाहेब उभा केला, 2015 च्या ‘कट्यार’ सिनेमात खाँसाहेबांसाठी गायले आणि 2022 ला आलेल्या ‘मी वसंतराव’मध्ये खुद्द आजोबा झाले. त्या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

आणि तरीही जुने श्रोते चहाच्या टपरीवर भांडतात, की ती तान आजोबांसारखी पडली की नाही.