ओतूरचं पत्र आणि मुंढव्याचा मुलगा

पावसाळ्यात नगरहून माळशेजला गाड्या काढल्या की भाळवणी, टाकळी ढोकेश्वर, आळेफाटा करत ओतूर येतं. आपल्यासाठी ते चहाला थांबायचं गाव. एप्रिल १८७७ मध्ये मात्र तिथे ४६ वर्षांची एक बाई मुक्काम ठोकून होती. जुन्नर भागात भयंकर दुष्काळ पडला होता. चारा-पाण्यावाचून जनावरं मरत होती, माणसं गाव सोडून चालली होती. या बाईंनी नवऱ्याला पत्र लिहिलं आणि तिथे काय चाललंय ते सविस्तर कळवलं. नवरा जोतीराव, आणि बाई अर्थात सावित्रीबाई फुले.

३ जानेवारीला कॉलेजात जी भाषणं होतात, त्यात शाळा असते, अंगावर पडलेलं शेण असतं, जास्तीची साडी असते. ते सगळं हवंच. पण संकट आल्यावर धावून जाणारी माणसं आधीपासून जमवून ठेवणाऱ्या सावित्रीबाई त्या भाषणांत क्वचितच भेटतात.

जन्म १८३१ चा, साताऱ्याकडच्या नायगावचा. नवव्या वर्षी लग्न. अक्षरओळख सासरी, जोतीरावांकडून. शिक्षिकेचं प्रशिक्षण मात्र आपल्या नगरशी जोडलेलं आहे. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार नगरला मुलींच्या शाळा चालवायच्या आणि सावित्रीबाई त्यांच्याकडे शिकल्या. १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात शाळा सुरू झाली. पुढचं तुम्हाला पाठ आहे.

इमर्जन्सीचं त्यांचं पहिलं काम घरातलंच होतं. तेव्हा विधवेला दिवस गेले की तिच्यापुढे दोनच वाटा असायच्या, एकतर जीव द्यायचा नाहीतर बाळाला मारायचं. फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि तशी पत्रकं गावात लावली. इथे या, गुपचूप बाळंत व्हा, बाळ ठेवायचं तर ठेवा, नाहीतर आम्ही सांभाळू, असा त्यांचा अर्थ. मदत कुठे मिळते हे अडलेल्या माणसाला आधी कळायला हवं, हे त्यांना दीडशे वर्षांपूर्वी कळलं होतं. अशीच एक विधवा, काशीबाई, तिथे आली. तिचा मुलगा यशवंत फुल्यांनी दत्तक घेतला. हे नाव लक्षात ठेवा.

आता परत ओतूरला. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला होता, त्यामुळे दुष्काळ पडला तेव्हा गावोगावी ओळखीची, कामाची माणसं होती. त्यांनी समित्या नेमल्या. पण नुसतं धान्य वाटून भागत नव्हतं. सावकारांच्या पिळवणुकीवरून दंगा उसळला आणि पोलिसांनी पन्नासेक सत्यशोधकांना धरलं. म्हणजे मदत करणारेच आत! सावित्रीबाई थेट कलेक्टरसमोर उभ्या राहिल्या. भल्या माणसांना कशाला गोवलंय, हे त्यांनी गोऱ्या साहेबाला विचारलं. कार्यकर्ते सुटले. वर साहेबाने चार गाड्या ज्वारी पाठवली. मला विचाराल तर त्यांच्या आयुष्यातला हा सगळ्यात भारी प्रसंग आहे. स्वयंसेवक होणं एक वेळ सोपं, पण आपल्या स्वयंसेवकांच्या मागे उभं राहायला वेगळी छाती लागते. त्याच मे महिन्यात जोतीरावांनी धनकवडीच्या बालाश्रमातल्या दुष्काळग्रस्त मुलांना जेवू घालण्यासाठी लोकांकडे जाहीर मदत मागितली.

आपण कॉलेजात असा ग्रुप काढायचा ठरवला की आधी काय करतो? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, लोगो, टी-शर्ट. १०८ ला फोन लावल्यावर नेमका पत्ता कसा सांगायचा, रक्त थांबवायला जखम कशी दाबून धरायची, छाती कशी दाबायची, हे शिकायचं राहूनच जातं. असो.

१८९० मध्ये जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवं धरून सावित्रीबाई पुढे चालल्या. १८९३ मध्ये सासवडच्या सत्यशोधक परिषदेच्या अध्यक्ष झाल्या. मग १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९७ च्या सुरुवातीला पुण्यात पसरला.

त्या वेळचं चित्र डोळ्यांसमोर आणा. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये सापडला होता, पण उंदरांवरच्या पिसवांमुळे तो पसरतो हे अजून कोणी दाखवलं नव्हतं. औषध नव्हतं. लस हाफकिन यांनी नुकतीच, जानेवारीत, मुंबईत स्वतःला टोचून पाहिली होती. काखेत-जांघेत गाठ आली की घरचेही लांब पळायचे.

यशवंत तोवर डॉक्टर होऊन लष्करात नोकरीला लागला होता. आईने त्याला रजा काढून यायला सांगितलं. पुण्याच्या दाट वस्तीबाहेर, हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर मायलेकांनी दवाखाना थाटला. ससाणे म्हणजे यशवंतची सासुरवाडी. जागा अशी मिळाली, डॉक्टर घरचा. प्रश्न राहिला पेशंट आणायचा, आणि ते काम ६६ वर्षांच्या सावित्रीबाईंनी स्वतःकडे घेतलं.

मुंढव्याच्या महारवाड्यात गायकवाडांच्या मुलाला प्लेग झाल्याचं त्यांना कळलं. त्या गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन माळावरच्या दवाखान्यात आणलं. ज्यांची सावली नको म्हणणारी माणसं शेजारीपाजारी राहत होती, त्या वस्तीतलं पोर, तेही प्लेगचं, पाठीवर.

आज प्रथमोपचाराच्या वर्गात पहिला धडा असतो तो स्वतःच्या सुरक्षिततेचा. हातमोजे घाला, मास्क लावा, जागा सुरक्षित आहे का बघा, मगच पुढे व्हा. धडा बरोबरच आहे, वाचवणाराच आडवा झाला तर पुढच्या पेशंटचं काय? पण सावित्रीबाईंकडे घालायला काही नव्हतंच. थांबायचं की उचलायचं, एवढंच त्यांच्या हातात होतं. हा धडा शिकताना मला दर वेळी मुंढव्याचा रस्ता आठवतो आणि त्यांना थांबा म्हणायची आपली हिंमत झाली असती का, याचं उत्तर काही सापडत नाही.

त्यांना प्लेगची लागण झाली. १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. प्लेगच्या नावाखाली रँडचे सोल्जर घराघरात घुसू लागले, ते त्याच महिन्यात.

यशवंत पुन्हा नोकरीवर गेला. काही वर्षांनी पुण्यात प्लेगची साथ आली तेव्हा तो परत रुग्णांमध्ये उभा राहिला आणि त्याच आजाराने गेला.