संशय घेण्याचे कर्तव्य

देवीच्या निर्मूलनाचा इतिहास चाळताना डॉ. सी. हेन्री केम्पे हे नाव मद्रासच्या संदर्भात भेटते. देवीच्या रोग्याच्या सहवासात आलेल्या माणसांना गॅमा ग्लोब्युलिन टोचल्यास रोग टळतो काय, याची चाचणी त्यांनी १९५० नंतरच्या दशकात तेथील डॉक्टरांच्या साहाय्याने घेतली होती. पुढे अमेरिकेत देवीचा रोग उरलेला नाही, मात्र लसीचा अपाय मुलांना भोगावा लागत आहे, अशी मांडणी करून सरसकट लसीकरण थांबविण्याचा आग्रह धरणाऱ्या पहिल्या काही तज्ज्ञांत ते होते. अमेरिकेने १९७२ मध्ये ते थांबविलेही. विषाणुशास्त्रज्ञ म्हणून एवढी कामगिरी एका आयुष्याला पुरेशी होती. परंतु केम्पे यांचे नाव जगभर झाले ते निराळ्याच एका व्याधीमुळे. त्या व्याधीला जंतू नव्हता आणि तिचे कारण रोग्याच्या घरातच राहत होते.

६ एप्रिल १९२२ रोजी जर्मनीतील ब्रेस्लाव येथे (हे शहर आता पोलंडमध्ये असून व्रोत्स्वाफ या नावाने ओळखले जाते) एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. नाझी राजवटीत देश सोडणे भाग पडले आणि हा किशोरवयीन मुलगा कॅलिफोर्नियात येऊन पोचला. तेथेच शिकून १९४५ मध्ये तो डॉक्टर झाला. पत्नी रूथ याही बालरोगतज्ज्ञ; पुढे त्या मनोविकारशास्त्राकडे वळल्या आणि पतीच्या कार्यात बरोबरीने सहभागी झाल्या. १९५६ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, केम्पे डेन्व्हर येथील कोलोरॅडो विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात बालरोग विभागाचे प्रमुख झाले.

येथे त्यांना जे आढळले त्याने ते अस्वस्थ झाले. कवटी फुटलेली, बरगड्या मोडलेल्या, अंगावर नव्याजुन्या वळांचे जाळे असलेली तान्ही मुले रुग्णालयात येत, आणि विभागातील तरुण डॉक्टर त्यांच्या कागदावर रक्तस्रावाचा दुर्मीळ विकार किंवा हाडांचा जन्मजात ठिसूळपणा अशी निदाने लिहीत. ही मुले हुशार होती, अभ्यासू होती. परंतु आईबापांनीच आपल्या मुलाला मारले असेल ही शक्यता त्यांच्या मनाला शिवत नव्हती, किंवा शिवली तरी लेखणीतून उतरत नव्हती.

हे अज्ञान मानावे तर तसेही नाही. पॅरिसचे न्यायवैद्यक तज्ज्ञ आंब्रोझ तार्दिय यांनी १८६० मध्येच अशी ३२ प्रकरणे प्रसिद्ध केली होती. त्यांपैकी १८ मुले दगावली होती. त्या निबंधाची कोणी दखल घेतली नाही. १९४६ मध्ये अमेरिकेतील क्ष-किरण तज्ज्ञ जॉन कॅफी यांनी सहा अर्भकांच्या चित्रांत मेंदूच्या आवरणाखालील रक्तस्राव आणि हातापायांच्या हाडांचे अस्थिभंग एकत्र आढळल्याचे नोंदविले. पण ही हाडे मोडली कोणी, हे त्यांनी स्पष्ट म्हटले नाही. वैद्यकाची भाषा अशा वेळी मोठी सोयीची असते. कर्मणी प्रयोगात कर्ता लपविता येतो.

केम्पे यांनी तो कर्ता वाक्यात परत आणला. मनोविकारतज्ज्ञ ब्रँट स्टील यांना त्यांनी या मुलांच्या आईबापांशी बोलण्यास लावले. ही माणसे राक्षस नव्हती. त्यांतील अनेक जण स्वतः बालपणी असाच मार खाऊन वाढलेले होते आणि तान्ह्या मुलाकडून ते अशक्य अशा समजूतदारपणाची अपेक्षा करीत होते. सुशिक्षित, सुस्थितीतील घरेही त्यांत होती. १९६१ मध्ये अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या वार्षिक अधिवेशनात केम्पे यांनी या विषयावर परिसंवाद घडवून आणला आणि त्याला मुद्दामच कानाला खुपणारे नाव दिले, 'बॅटर्ड चाइल्ड सिंड्रोम'. बदडलेल्या बालकाचा लक्षणसमूह असा त्याचा अर्थ. मवाळ शब्द वापरला असता तर सभागृहाने मान डोलावली असती आणि सारे चहाला गेले असते.

याच नावाचा लेख ७ जुलै १९६२ रोजी अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या मुखपत्रात प्रसिद्ध झाला. केम्पे यांच्याबरोबर आणखी चौघांची नावे त्यावर आहेत. ७१ रुग्णालयांकडून मिळालेली एका वर्षातील ३०२ प्रकरणे त्यात होती. ३३ मुले मरण पावली होती, ८५ मुलांच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. निदान योग्य होऊनही कायदेशीर कारवाई झाली ती केवळ एकतृतीयांश प्रकरणांत. परंतु या आकड्यांहून अधिक बोलकी नोंद केम्पे यांच्या स्वतःच्या रुग्णालयातील आहे. नोव्हेंबर १९६१ मधील एकाच दिवशी अशी चार अर्भके तेथे उपचार घेत होती. दोन मेंदूच्या इजेने दगावली. तिसरे बरे होऊन आईबापांकडे परत गेले आणि चार आठवड्यांनी अचानक, कारण न कळता, मरण पावले. चौथे तेवढे वाचले. त्या तिसऱ्या मुलाच्या बाबतीत औषधोपचारात काहीच उणे नव्हते. उणे होते ते एवढेच, की रुग्णालयातून त्याला घरी धाडताना त्याच्या घराविषयी कोणी काही करू शकत नव्हते.

लेखाचा व्यावहारिक भाग यातूनच येतो. सांगितलेली हकीकत आणि झालेली इजा यांचा मेळ बसत नसेल, क्ष-किरण चित्रात भरून येण्याच्या निरनिराळ्या अवस्थांतील अस्थिभंग दिसत असतील, रुग्णालयात असताना नवी इजा होत नसेल, तर डॉक्टरने संशय घेतलाच पाहिजे. आणि मार पुन्हा होणार नाही याची खात्री पटेपर्यंत मुलाला परत पाठविता कामा नये. संशय घेणे हा एरवी असभ्यपणा. केम्पे यांनी तो व्यवसायाच्या कर्तव्यात आणून बसविला.

तथापि कर्तव्याला कायद्याचा आधार नसेल तर ते पाळणाऱ्याला महाग पडते. त्या काळी गप्प राहणाऱ्या डॉक्टरला काहीच मोजावे लागत नव्हते. बोलणाऱ्याच्या वाट्याला मात्र रोगी तुटणे, बदनामीचा दावा, कोर्टाचे हेलपाटे हे सारे येत होते. अमेरिकन सरकारच्या बालक कार्यालयाने १९६३ मध्ये आदर्श कायद्याचा मसुदा प्रसिद्ध केला; त्यामागील विचारविनिमयात केम्पे सहभागी होते. संशय आल्यास कळविणे बंधनकारक आणि सद्हेतूने कळविणाऱ्यास खटल्यापासून संरक्षण, ही त्याची दोन अंगे. किमतीचा तराजू त्यामुळे फिरला. १९६७ पर्यंत पन्नासही राज्यांनी असे कायदे केले. प्रारंभी बंधन मुख्यतः डॉक्टरांवर होते. पुढे परिचारिका, शिक्षक, समाजसेवक त्यात आले. १९७४ च्या केंद्रीय कायद्याने राज्यांचे अनुदान अशा तरतुदींशी जोडले.

चार वर्षांत पन्नास विधिमंडळांचे एकमत हे आश्चर्यच. त्याचे एक कारण फारसे उदात्त नाही. कळविण्याची सक्ती करायला खजिन्यातून काही द्यावे लागत नाही. कळविल्यानंतर त्या घरी जाऊन चौकशी करणारा माणूस, मुलाला ठेवायला जागा, आईबापांना उपचार, या सर्वांना पैसा लागतो, आणि तेथे विधिमंडळांचा हात आखडला. केम्पे यांना हे दिसत होते. मुळात शिक्षेवर त्यांचा भर नव्हताच. १९७२ मध्ये डेन्व्हरला त्यांनी बालछळाच्या प्रतिबंधासाठी व उपचारासाठी राष्ट्रीय केंद्र उभे केले. बाळंतपणानंतर प्रत्येक घरी आरोग्यसेविकेने जावे, मार देण्याच्या काठावर आलेल्या आईला कोणाचा तरी आधार मिळावा, अशी योजना ते मांडीत राहिले. कायदा जितक्या झपाट्याने पसरला तितकी ही योजना पसरली नाही.

१९७७ मध्ये एका सन्मानाच्या व्याख्यानात केम्पे यांनी मुलांच्या लैंगिक छळाचा विषय घेतला. पंधरा वर्षांपूर्वी मारहाणीविषयी वैद्यकाने पाळलेले मौन आता या प्रश्नाविषयी पाळले जात आहे, असा त्यांचा रोख होता. ८ मार्च १९८४ रोजी हवाई येथे त्यांचे निधन झाले.

भारतात या विचाराचा प्रवेश झाला तो या दुसऱ्या दाराने. २००७ मध्ये केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतील १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. निम्म्याहून अधिक, ५३.२२ टक्के, मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक छळ सांगितला; तीनांपैकी दोघांनी शारीरिक छळ सांगितला. १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आलेल्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ ने, असा लैंगिक गुन्हा घडल्याचे ठाऊक असणाऱ्या किंवा घडण्याची धास्ती वाटणाऱ्या प्रत्येकावर पोलिसांना कळविण्याचे बंधन घातले. न कळविल्यास कलम २१ अन्वये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, अथवा दोन्ही. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडविल्यास एक वर्षापर्यंत कैद व दंड. सद्हेतूने कळविणाऱ्याला संरक्षण आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृहाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये, न कळविणे हा गंभीर गुन्हा आहे, असे बजावले. तेथे प्रश्न एका डॉक्टरच्याच मौनाचा होता. २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे आले तेव्हा पुन्हा हाच मुद्दा निघाला.

केम्पे यांची सुरुवात मात्र जेथून झाली ती घरातील मारहाण पॉक्सोच्या कक्षेत येत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात क्रौर्याला शिक्षा आहे, परंतु वर्गात दंडावर वळ घेऊन बसलेल्या मुलाविषयी शिक्षकाने काय करावे याला कलम १९ च्या तोडीचे उत्तर त्यात सापडत नाही. शाळेतील छडीला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी केली. घरच्या छडीची गोष्ट अद्याप शेजारधर्माच्या आणि शिक्षकाच्या जिवावर सोडलेली आहे. त्या २००७ च्या पाहणीतील तीनांपैकी दोन मुलांची तक्रार मुख्यतः तीच होती की नाही हे पाहायचे तर त्याच पाहणीतील शारीरिक छळाची प्रकरणे उघडावीत. तेथे मारणाऱ्यांत आईबापांचे नाव वारंवार येते.