जोसिया विलार्ड गिब्ज

जोसिया विलार्ड गिब्ज (११ फेब्रुवारी १८३९ – २८ एप्रिल १९०३) हे अमेरिकन गणितज्ञ व सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ होते. रासायनिक ऊष्मागतिकी व सांख्यिकीय यामिकी या शाखांच्या प्रवर्तकांत त्यांची गणना होते. धातूंतील कणसीमांवर अशुद्धी का साचतात, याचा आज संगणकाच्या साहाय्याने होणारा अभ्यासही त्यांच्या सिद्धांतांवर आधारलेला आहे.

जीवन

गिब्ज यांचा जन्म कनेटिकट राज्यातील न्यू हेवन येथे झाला. त्यांचे वडील येल येथे धर्मसाहित्याचे प्राध्यापक होते. १८५८ मध्ये येलची पदवी घेतल्यानंतर १८६३ मध्ये दंतचक्रांच्या दात्यांच्या आकारावरील प्रबंधासाठी त्यांना डॉक्टरेट मिळाली. १८६६ ते १८६९ या काळात त्यांनी पॅरिस, बर्लिन व हायडेलबर्ग येथे अध्ययन केले. १८७१ मध्ये ते येल येथे गणितीय भौतिकीचे प्राध्यापक झाले. मात्र या पदास वेतन नव्हते. १८८० मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने वार्षिक ३,००० डॉलर देऊ केले, तेव्हा येलने २,००० डॉलर वेतन ठरविले आणि गिब्ज येलमध्येच राहिले. ते अविवाहित होते व वडिलांनी बांधलेल्या घरात बहिणीच्या कुटुंबासमवेत राहत.

पृष्ठभाग आणि अशुद्धी

विषमांगी पदार्थांच्या समतोलावरील त्यांचा प्रबंध १८७५ ते १८७८ या काळात कनेटिकट अकादमीच्या नियतकालिकातून प्रसिद्ध झाला. ज्या द्रव्यामुळे पृष्ठताण घटतो ते द्रव्य अंतर्भागापेक्षा पृष्ठभागावर अधिक प्रमाणात जमते, असे त्यातील अधिशोषणाचे समीकरण सांगते. पुढे हाच विचार धातूंतील कणसीमांना लागू करण्यात आला. धातू असंख्य स्फटिककणांचा बनलेला असतो. दोन कणांच्या सीमेवर अणूंची रचना विस्कळीत असल्याने, कणाच्या आत नीट न सामावणारा परका अणू तेथे कमी ऊर्जेत राहू शकतो. त्यामुळे तांब्यातील अत्यल्प बिस्मथ किंवा पोलादातील फॉस्फरस सीमांवर एकवटतो आणि एरवी चिवट असलेला धातू ठिसूळ होऊन सीमांच्या कडेने तडकतो.

सांख्यिकीय यामिकी व संगणकीय प्रतिमाने

१९०२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सांख्यिकीय यामिकीवरील ग्रंथात गिब्ज यांनी समुच्चयांची मांडणी केली. त्यांपैकी एका समुच्चयात कणांची संख्या स्थिर नसते. भोवतालच्या साठ्याशी कणांची देवाणघेवाण चालू असते. सीमा आणि धातूचा अंतर्भाग यांचा संबंध नेमका असाच असतो. १९५३ मध्ये निकोलस मेट्रोपोलिस व सहकाऱ्यांनी मांडलेल्या माँटे कार्लो पद्धतीमुळे अशा समुच्चयांचे संगणकावर नमुने घेणे शक्य झाले. प्रतिमानात अणूंची अदलाबदल करून, ऊर्जा व तापमान यांनुसार ती स्वीकारली वा नाकारली जाते. अखेरीस सीमेवर किती अशुद्धी साचेल, याचा अंदाज मिळतो.

सन्मान व मृत्यू

गिब्ज यांचे लेखन संक्षिप्त व गणितप्रधान असल्याने त्याचा प्रसार सावकाश झाला. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी त्याचे महत्त्व लवकर ओळखले. १८९२ मध्ये विल्हेल्म ऑस्टवाल्ड यांनी प्रबंधाचे जर्मन भाषांतर केले. १९०१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने गिब्ज यांना कोप्ली पदक दिले. न्यू हेवन येथेच त्यांचे निधन झाले.